जुन्या डिस्कवरची साठ गावं

"आत्याबाई, गावं कुठं गेली?"

सून संगणकासमोर उभी होती. मी खाली बसून पत्रिकांचे कागद कापत होते. मान वर न करताच मी सांगितलं, "सोडली."

"सोडली म्हणजे?"

"सोडली म्हणजे सोडली. छापून झालं होतं. मशीन जागा न्हाई म्हणायलं, मंग मॅटर सोडलं."

ती दोन दिवस माहेरी, पोखर्णीला राहून नुकतीच आली होती. पिशवी अजून खांद्यालाच होती. ती खुर्चीवर बसली, चार-पाच बटणं दाबली, पुन्हा दाबली. पडद्यावर एका लग्नपत्रिकेशिवाय काही नव्हतं. ती वळून माझ्याकडे बघायला लागली आणि मला तिच्या तोंडावरून कळलं की माझ्या हातून काय झालं. साठ गावांची, साडेचार हजार सभासदांची यादी तिनं दोन महिने बसून आत घातली होती. मी ती एका सकाळी पुसून टाकली होती. पक्की यादी द्यायला नऊ दिवस राहिले होते.

मी पुसली, म्हणजे चुकून बटण दाबलं गेलं असं नाही. नीट विचार करून पुसली. ते कसं, हे सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

आमचा छापखाना पूर्णेला, स्टेशनच्या रस्त्यावर. मी चौथीपर्यंत शिकलेली. लग्न होऊन आले तेव्हा मालकांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, जुळारी परवडत नव्हता. त्यांनी मला खिळे जुळवायला शिकवलं. शिशाचा एकेक खिळा, त्यावर एकेक उलटं अक्षर, ते लाकडी पेटीतल्या त्याच्या घरातून, म्हणजे खणातून, उचलायचं आणि ओळीत लावायचं. सहा महिन्यांत मी उलटं वाचायला लागले. अजूनही मला उलटं जास्त लवकर वाचता येतं. या कामाचा एक नियम होता. पान छापून झालं की ते पान मोडायचं, प्रत्येक खिळा धुऊन त्याच्या त्याच्या घरात परत टाकायचा. याला मॅटर सोडणं म्हणायचं. सोडलं नाही तर दुसऱ्या कामाला अक्षरं पुरत नाहीत. 'र' आणि काना तर नेहमीच कमी पडायचे. ज्या छापखान्यात जुनी पानं बांधून पडलेली असतात तिथला जुळारी आळशी, असं मालक म्हणायचे. तीस वर्षं मी छापून झालेलं एकही पान उभं ठेवलं नाही.

मालक वारल्यावर खिळ्यांचं काम कमी होत गेलं. नांदेड-परभणीला ऑफसेट आलं होतं. मुलगा रेल्वेत आहे. त्याची ड्युटी हैदराबादकडे असायची. त्यानं तिथल्या एका कचेरीनं काढून टाकलेला संगणक आणला. जेवायच्या पाटाएवढी चपटी पेटी आणि तिच्यावर ठेवलेला छोटा पडदा. सुनेनं परभणीला सहा महिन्यांचा कोर्स केला होता. ती आत मराठी घालायची, कागद काढायची, आणि त्या कागदावरून परभणीच्या ऑफसेटला छपाई व्हायची. पत्रकं आणि पावतीपुस्तकं मी माझ्या खिळ्यांवरच करायचे. नामांतराचे दिवस होते. हवं म्हणणारे यायचे, नको म्हणणारेही यायचे. मी दोघांचीही पत्रकं छापली. खाली काढणाऱ्याचं नाव घातल्याशिवाय मात्र कुणाचंच छापलं नाही.

ही यादीची ऑर्डर एका सहकारी संस्थेची होती. तिच्या निवडणुकीआधी कच्ची यादी छापायची, गावोगाव लावायची, लोकांच्या हरकती आल्या की दुरुस्ती करून पक्की छापायची. माझे धाकटे दीर छापखान्याच्या जागेत अर्धे भागीदार. त्यांना तिथे सिमेंटचं गोदाम करायचं होतं. ते म्हणाले होते, "वैनी, ही यादी वेळेत गेली तर छापखाना तुमचा, मी परत तोंड उघडणार न्हाई. पर न्हाई गेली तर मार्चपासून मी जागा घेतो." मी हो म्हणाले होते. चार माणसांसमोर म्हणाले होते.

कच्ची यादी छापून गेली. सून माहेरी गेली. एक लग्नाची पार्टी आली, म्हणाली संगणकावरचीच पत्रिका पाहिजे, फुलं-बिलं असलेली. मी बसले. मशीननं वाक्य दाखवलं. इंग्रजी मला येत नाही, पण त्या वाक्याचा आकार सुनेनं ओळखायला शिकवला होता. ते आलं की जागा संपली. मग मी काय करणार? घरं भरलेली, नवीन काम दारात, आणि छापून झालेली साठ गावं आत बांधून ठेवलेली. हरकतींच्या दुरुस्त्या छापलेल्या कागदावरच करायच्या, असं मी धरून चालले होते. सुनेनं फ्लॉप्या साफ करायला मला एका कागदावर बटणांची नावं मराठीत लिहून दिली होती. तोच कागद मी गावांवर चालवला. मशीननं विचारलं, नक्की का? मी होचं बटण दाबलं. मग पत्रिका जुळवली.

"दुसरीकडं कुठं ठेवली होतीस का?" मी सुनेला विचारलं.

"दोनच फ्लॉप्या हायेत आपल्याकडं. तुमीच म्हणला होता दुसऱ्या आणायचं काम न्हाई."

म्हणाले होते. ते मी नाकारलं नाही.

ती रडली नाही. रडली असती तर मला तिला समजवावं लागलं असतं, आणि मला ते जमत नाही. ती उठून समोरच्या एसटीडीवर गेली आणि परभणीच्या रेडिओवाल्याला फोन लावला. हा पन्नाशीचा माणूस. आधी रेडिओ दुरुस्त करायचा, मग टीव्ही, आणि आता संगणक. परत येऊन ती मशीनचं बटण न दाबता सरळ भिंतीवरचा स्विच बंद करून मोकळी झाली.

"ते म्हणाले, आता एक अक्षरसुद्धा लिहू नका. ते येईपर्यंत चालूच करायचं न्हाई."

त्यानं तिला सांगितलेलं तिनं मला सांगितलं. पुसा म्हटलं की हे मशीन आतलं खरं पुसत नाही. गावाच्या नावाचं पहिलं अक्षर तेवढं काढतं आणि जागा रिकामी असल्याची पाटी लावतं. आतली नावं तशीच पडून राहतात, दुसरं काही येऊन त्यांच्या अंगावर बसेपर्यंत. ती शोधून काढता येतात, पण काढलेली त्याच डिस्कवर ठेवायला गेलं तर उरलेली मरतात. म्हणून दुसरी डिस्क पाहिजे, मोठी. आणि शोधायचा जो प्रोग्राम होता तो आमच्या मशीनच्या मेमरीत मावत नव्हता, म्हणून मेमरीही पाहिजे.

मी म्हणाले, "म्हणजे यानं खिळे घरात टाकलेच न्हाईत. पान तसंच ठेवलं आन् वरून फडकं टाकलं."

"तसंच समजा," सून म्हणाली.

मुलाला स्टेशनातल्या फोनवरून निरोप गेला. तिसऱ्या दिवशी तो हैदराबादहून दोन्ही वस्तू टॉवेलात गुंडाळून घेऊन आला आणि त्याच गाडीनं पुढे ड्युटीवर गेला. रेडिओवाला त्याच दिवशी यायचा होता. त्या दिवशी कुठेतरी दगडफेक झाली म्हणून एसटी बंद. तो चौथ्या दिवशी रेल्वेनं आला. मधल्या दिवसांत लग्नाची पार्टी दारात उभी होती. मी त्यांची पत्रिका खिळ्यांवर जुळवून दिली. फुलं नाहीत म्हणून नवरीचा बाप कुरकुरला. मी म्हणाले, फुलं मांडवात लावा.

रेडिओवाल्यानं पेटीचं झाकण काढलं तेव्हा मी पहिल्यांदा तिचं आतलं बघितलं. लोकांनी सांगितलं असतं तर विश्वास बसला नसता, एवढ्याशा पेटीत बोट घालायला जागा नव्हती. मेमरीच्या पट्ट्या तळाशी, त्यांच्यावर डिस्क बसवायचा पत्र्याचा तवा, त्याच्यावर वायरी. मेमरीला हात लावायचा तर आधी डिस्क काढावी लागे.

"पेटी छोटी हाय बाई," तो म्हणाला. "आत एकच डिस्क बसंल. दुसरी बाहेर ठेवून चालवायची आजच्या दिवस. टेकवायला काय तरी द्या. लोखंड नको, शिसं नको."

छापखान्यात शिसं आणि लोखंडच जास्त. पण पानातली मोकळी जागा भरायला आम्ही सागवानी पट्ट्या वापरायचो. त्या मी त्याला मापानं लावून दिल्या. डिस्क त्यांच्यावर अशी बसली की हलेना. नंतर जुनी काढल्यावर नवी आत बसवताना ती तव्यात सैल पडायला लागली, तिथेही माझीच पट्टी लागली.

दोन डिस्का एका वायरीवर चालवायच्या तर त्यांना सांगावं लागतं, थोरली कोण. त्यासाठी पाठीमागे एक प्लॅस्टिकची टोपी असते, ज्वारीच्या दाण्याएवढी, ती एका जागेवरून काढून दुसऱ्या जागी लावायची. रेडिओवाल्याची बोटं जाड. टोपी दोनदा खाली पडली. मी माझा खिळे उचलायचा चिमटा घेतला, टोपी काढली आणि तो म्हणेल तिथे लावली.

"वा. आता नवी मालक, जुनी नौकर," तो म्हणाला.

सून खाली बघून हसायला लागली.

"हसू नको. वायर धर," मी म्हणाले.

मग त्यानं मेमरीच्या जुन्या चार पट्ट्या काढल्या आणि नव्या चार लावल्या. बोटभर लांबीच्या हिरव्या पट्ट्या, त्यांच्यावर काळे चौकोन. तिरप्या घालायच्या आणि उभ्या करायच्या. चौथी बसते तोच दीर आले. एकटे आले नव्हते. बरोबर एक गवंडी होता, आणि गवंड्याच्या हातात टेप.

"चालू द्या तुमचं, वैनी. आमी नुसतं माप घ्यायलोय."

"घ्या," मी म्हणाले.

रेडिओवाल्यानं स्विच लावला. पडदा काळा राहिला आणि मशीन ओरडायला लागलं. एक लांब आवाज, थांबायचं, पुन्हा एक लांब आवाज. त्यानं स्विच बंद केला, पट्ट्या काढल्या, सुनेकडून खोडरबर घेऊन त्यांच्या कडा पुसल्या, परत लावल्या. पुन्हा तोच आवाज. पडदा काळाच.

गवंडी भिंतीला टेप लावून उभा होता. दीर म्हणाले, "वैनी, रडायलंय ते."

"रडायलंय म्हणजे जित्तं हाय. तुमी टेप धरा."

रेडिओवाल्यानं स्विच बंद केला. तो म्हणाला, "पट्टी खराब निघाली वाटतं बाई. हैदराबादला परत पाठवावी लागंल." जायला-यायला तीन दिवस. आमच्याकडे पाच होते. मग दुरुस्त्या कधी करायच्या आणि छापायचं कधी?

मी त्याला बाजूला हो म्हणाले. तो म्हणाला, हात नका लावू. मी म्हणाले, स्विच बंद हाय ना? तो म्हणाला, हाय, पर आधी पेटीच्या पत्र्याला हात लावा, अंगातली वीज उतरू द्या. मी पत्र्याला हात लावला आणि मग चारही पट्ट्यांच्या डोक्यांवरून बोट फिरवलं.

छापायला पान चढवण्याआधी आम्ही त्याच्यावरून तळहात फिरवतो. एखादा खिळा केसभर वर राहिला असेल तर डोळ्याला दिसत नाही, पण हाताला लागतो. तो खिळा कागद फाडतो. तीस वर्षं रोज हे केलं की बोटांना दुसरं काही येत नसलं तरी एवढं येतं. तिसरी पट्टी एका टोकाला उंच होती.

"ही बसली न्हाई," मी म्हणाले.

"बसली हाय बाई, मी दाबली."

"दोन्ही टोकं सारखी न्हाईत. बघा."

त्यानं डोळा लावून बघितलं, त्याला काही दिसलं नाही. मी म्हणाले तशी त्यानं पट्टी काढली. खाली खाचेत कागदाचा एक तुकडा होता, नखाच्या पांढऱ्या कडेएवढा. आमच्याच कटिंगचा. मी चिमट्यानं तो उचलला. त्यानं पट्टी परत बसवली तेव्हा टक् असा आवाज आला. आधी तो आला नव्हता.

स्विच लावला. मशीन एकदाच आखूड बोललं. पडद्यावर आकडा धावायला लागला. हा आकडा मी रोज बघायचे. चालू केलं की मेमरी मोजतं, हजाराच्या जवळ येऊन थांबतं. त्या दिवशी हजारापाशी आला आणि थांबला नाही. दोन हजार झाला. सून मोठ्यानं वाचत होती. तीन हजार. चार हजारांच्या वर जाऊन तो थांबला. मी एवढंच म्हणाले, "बरं." मग स्टूल ओढून बसले.

नवी डिस्क जुनीच्या चौपट होती. ती तयार करायला अर्धा तास गेला. मग रेडिओवाल्यानं शोधायचा प्रोग्राम चालवला आणि गावं यायला लागली. खरंच प्रत्येकाचं पहिलं अक्षर गेलेलं, तिथे प्रश्नचिन्ह. मशीन एकेक गाव समोर ठेवायचं आणि विचारायचं, याचं पहिलं अक्षर काय? सुनेला तिचं माहेर लगेच ओळखू आलं. ते तिनं पहिलं परत घेतलं. मग पूर्णा. मग नदीकाठची गावं. काही नावं तिनं आखडून घातली होती, ती तिलाच ओळखू येईनात. कोणत्या गावानंतर कोणतं गाव आत घातलं ते मला पाठ होतं, कारण कागद वाचून दाखवायला मी बसले होते. मी गाव सांगायचे, ती अक्षर दाबायची, गाव नव्या डिस्कवर जाऊन बसायचं. ती ते उघडून बघायची. पहिलं नाव, मधलं नाव, शेवटचं नाव. ठीक.

गवंड्यानं टेप गुंडाळला होता. तो पडद्याजवळ येऊन म्हणाला, "आमचं गाव बघा की." बघितलं. त्याच्या चुलत्याचं नाव निघालं. तो दिरांना म्हणाला, "हाय की हो समदं."

दीर म्हणाले, "अजून दुरुस्त्या राहिल्यात."

"राहिल्यात," मी म्हणाले. "तुमचं माप झालं का?"

ते गेले.

साठातली अठ्ठावन्न गावं आली. मी जुळवलेल्या लग्नपत्रिकेनं दोन खाल्ली होती. एक लहान वस्ती, ती काही फार नव्हती. दुसरं राणीसावरगाव, ते मोठं, त्याचा मागचा अर्धा भाग गेला होता. तो छापलेल्या कच्च्या यादीवरून मी वाचला आणि सुनेनं परत घातला. दीड दिवस गेला. मग हरकती. वारलेले काढायचे, बापाचं नाव चुकलेलं सुधारायचं, एकाचंच नाव दोन गावांत असेल तर एक खोडायचं. आधी असं काही बदललं की मशीन दम खात बसायचं, सून तोवर चहा करून यायची. आता चहाला सवड मिळेना. आठव्या दिवशी सकाळी सगळे कागद निघाले, ती परभणीला घेऊन गेली, छापून झाल्यावर गठ्ठे घेऊनच परतली. नवव्या दिवशी दुपारी बाराला आम्ही दोघींनी ते संस्थेच्या टेबलावर ठेवले. मुदत संध्याकाळची होती.

तिथल्या सेक्रेटरीनं चष्मा लावून पानं उलटली. म्हणाला, "वेळेत आणलं की." मी पोच मागितली, त्यानं वेळ घालून सही केली. ती पोच मी घरी न जाता सरळ दिरांच्या दारात नेऊन दाखवली. त्यांनी ती दोनदा वाचली. ते शब्दाला पक्के निघाले हे मी मान्य करते. परत त्यांनी जागेचं नाव काढलं नाही. सिमेंटला दुसरीकडे गाळा घेतला.

पुढच्या निवडणुकीला तीच यादी डिस्कवरून काढली, बदल तेवढे केले, दहा दिवसांत काम संपलं. ते ऐकून दोन संस्था अजून आल्या. मी सुनेला सांगितलं, आता इथे काही सोडायचं नाही, सगळं उभं ठेवायचं. ती म्हणाली, "मी तर कधीच सोडत नव्हते." मग फ्लॉप्यांचा नवा डबा मी स्वतः जाऊन आणला.

रेडिओवाला पाच-सहा वर्षांनी वारला, दीर त्यानंतर. पूर्णेत त्या वेळी खिळ्यांचे तीन छापखाने होते. दोन बंद पडले. आमचा राहिला, आणि त्या दिवशी ती पेटी उघडून बसलेल्यांपैकी आम्ही दोघी राहिलो, मी आणि माझी सून.